मदत हवी आहे : स्मृतिदिनांच्या निवडीचे निकष

जागतिक कंपन्या कोणते स्मृतिदिन पाळतात, यावरून उसळणाऱ्या देशाभिमानी संतापावर मी लेख लिहीत आहे. ४ ऑक्टोबर २००७ रोजी गूगलने स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाच्या उड्डाणाची ५० वर्षे मुखपृष्ठावरील चित्राने साजरी केली, तेव्हा सोव्हिएत यशाला मान मिळतो आणि हुतात्मा सैनिकांचा मेमोरियल डे मात्र चित्राविना कोरा जातो, अशी टीका अमेरिकेत झाली. पुढे ६ जून २०१४ रोजी, दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याने फ्रान्समधील नॉर्मंडीत केलेल्या चढाईच्या ७०व्या स्मृतिदिनी, गूगलच्या ब्रिटनमधील पानावर काही काळ ‘गो’ या पटावरील खेळाच्या एका जपानी खेळाडूचे चित्र झळकले. कंपनीने ती तांत्रिक चूक असल्याचे सांगून क्षमा मागितली. सैनिकांच्या आप्तांची वेदना मला खरी वाटते, परंतु खासगी कंपनीचे चित्र राष्ट्रसन्मानाचे मोजमाप ठरावे, हे पटत नाही. अशा निवडींचा अभ्यासपूर्ण आढावा कोठे वाचावयास मिळेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.