मदत हवी आहे: मालिद्यातून निघालेला इतिहास पुढे कसा नेऊ?

नमस्कार. आम्ही ठाण्यात राहतो, ९ वर्षांच्या लेकीला घरीच शिकवते. परवा खालच्या आजींनी मालिदा दिला: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. लेकीने विचारलं, "हा कुठल्या देवाचा?" आजी बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यू समाजातल्या, निघाल्या! मराठी मात्र माझ्यापेक्षा ठसकेबाज. शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद, म्हणून पूर्वजांना 'शनवार तेली' म्हणत, हे ऐकल्यापासून आमचं गणित बाजूला पडलंय. (पडू दे.)

आता तिला ठाण्यातलं १८७९ चं शार हाशामाईम सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आतून बघायचंय. मुलांना घेऊन कुणी गेलंय का? परवानगी कशी काढली? तिला झेपेल असं मराठी पुस्तक आहे का? आणि खरं सांगा, रोज प्रश्न विचारून आजींना भंडावतोय का आम्ही?