म्हैसूरचा राजवाडा : रविवार धरावा की टाळावा?

कृष्णाकाठ (सांगली)
दिवाळीनंतर मिरजेहून म्हैसूरला जायचं ठरतंय. बरोबर आई-बाबा (सत्तरीच्या पुढचे, बाबांना गुडघ्यांचा त्रास) आणि दोन मुलं. रोषणाई रविवारी असते म्हणून रविवारच धरावा म्हणतोय, पण त्या दिवशी राजवाड्यात पाय ठेवायला जागा नसते असं ऐकलं. दिवस कसा बसवावा? आत चढउतार किती? आणि गाडी कुठली?

विश्रामबागकर
आतला राजवाडा शनिवारी, रोषणाई रविवारी. दोन्ही एका दिवसात कोंबलं तर संध्याकाळी सातला दिवे लागेपर्यंत मुलं पेंगलेली असतात.

वेळ सकाळी 10 ते संध्याकाळी 5:30. आत जायचं ते दक्षिणेच्या वराह दरवाजातून. पूर्वेची मोठी कमान शहरातून आधी दिसते, म्हणून लोक रिक्षा तिथेच सोडतात आणि मग म्हाताऱ्या माणसांना तटाच्या कडेनं उन्हात वळसा पडतो. रिक्षावाल्याला 'वराह गेट' असंच सांगा.

चपला स्टँडवर ठेवाव्या लागतात. अंगणातली फरशी दुपारी चांगलीच तापते, आई-बाबांना पायमोजे घालायला सांगा. आधी गोंबे तोट्टी म्हणजे बाहुल्यांचं दालन; दसऱ्याच्या मिरवणुकीतली सुमारे 750 किलोची सोन्याच्या पत्र्याची अंबारी इथेच आहे. पुढे हत्ती दरवाजा, मग अष्टकोनी कल्याण मंटप. इथे सगळे माना वर करून छताच्या रंगीत काचेतले मोर बघतात. खाली फरशीकडेही बघा, आणि भिंतीवरच्या मिरवणुकीच्या तैलचित्रांना वेळ द्या. मंटपाचे ओतीव लोखंडी खांब ग्लासगोहून आलेले. जुना लाकडी राजवाडा 1897 मध्ये लग्नसमारंभात जळाला, त्यामुळे वास्तुविशारद हेन्री आयर्विनकडून 1912 पर्यंत बांधून घेतलेल्या या वाड्यात दगड, वीट, लोखंड यांवर भर आहे.

दरबार हॉल आणि अंबाविलास (राजाचा खासगी दरबार) वरच्या मजल्यावर. गर्दी एकाच दिशेनं सरकते, अर्ध्या जिन्यातून माघारी फिरणं कठीण. बाबांना जमेल का, ते मंटपातच ठरवा.

फलाट_क्र_तीन
मिरजेहून राणी चन्नम्मा बेंगळुरूला रोज जाते. शुक्रवारी बसलात की शनिवारी सकाळी बेंगळुरू, तिथून म्हैसूर रेल्वेनं तीनेक तास. थेट गाड्याही आहेत (अजमेर–म्हैसूर, दादर–म्हैसूर शरावती), पण त्या रोजच्या नाहीत. वार जुळला तरच नाद करा. शनिवारी पोचायला दुपार होणार, तेव्हा वरचा बेत पक्का करण्याआधी हे धरा.

कृष्णाकाठ
म्हणजे शनिवारी आत जायला जेमतेम तीन तास मिळतील. मग?

विश्रामबागकर
मग शनिवार चामुंडी टेकडीला द्या. हजाराच्या वर पायऱ्या आहेत, पण गाडी वरपर्यंत जाते. सोळा फुटी नंदी पायऱ्यांच्या वाटेवर असला तरी तिथे गाडीरस्त्यानंही जाता येतं. रविवारी दहाच्या ठोक्याला वराह दरवाजावर हजर राहा आणि साडेबाराच्या आत बाहेर पडा. बाकी दुपार खोलीवर झोपा, साडेसहाला परत या. वाडा पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे फोटोही सकाळीच. दुपारनंतर सूर्य मागे जातो आणि दर्शनी बाजू काळवंडते.

तालीमवाला
थोडी भर. रोषणाई सरकारी सुट्टीलाही असते, साधारण पाऊण तास. दिवे सुमारे 97 हजार. इतर दिवशी ध्वनि-प्रकाश कार्यक्रमानंतर थोडा वेळच लावतात, त्यावर विसंबू नका. दसऱ्यात मात्र रोज, पण तेव्हा खोल्या मिळणं मुश्कील आणि जंबू सवारीच्या (अंबारीच्या मिरवणुकीच्या) दिवशी आत जायची आशा सोडा. आपल्याकडच्या कुस्तीवेड्यांसाठी: विजयादशमीला वाड्याच्या अंगणात जेट्टींची (तिथल्या परंपरागत मल्लांची) वज्रमुष्टी कुस्ती होते, मुठीत शस्त्र बांधून, पहिलं रक्त निघेपर्यंत.

आणि वेळ उरला तर जगनमोहन राजवाडा. हातातल्या समईचा उजेड चेहऱ्यावर पडलेली ती साडीतली मुलगी तिथल्या चित्रसंग्रहात आहे. गाईड बिनदिक्कत रविवर्म्याचं म्हणून सांगतात. ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं जलरंग आहे, नीट ऐकवा त्यांना.