भेगांचं मेणाचं मलम काळपट आणि रवाळ का होतं?

कर्वेनगरकर: टाचांच्या भेगांसाठी मधमाशीच्या मेणाचं मलम करतोय. मेण २० ग्रॅम, तीळतेल १०० मिली, कोकमतेल २० ग्रॅम. लोखंडी कढईत मेण वितळवून वर गार तेल ओततो. मलम काळपट होतं आणि दुसऱ्या दिवशी बोटाला रवे लागतात. मेण रविवार पेठेतलं, पिवळं पण बुळबुळीत. प्रमाण चुकतंय की कृती?

भैषज्य_पुणे: प्रमाण ठीक आहे. सिक्थ तेलाला, म्हणजे आयुर्वेदातल्या मेण-तेलाच्या मलमाला, साधारण १ भाग मेण आणि ६ भाग तीळतेल धरतात. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पातळ वाटलं तर मेण थोडं वाढवा.

काळपटपणा कढईचा. मेणातली आम्लं लोखंडाला लागली की रंग बिघडतो, तांब्यातही तेच. स्टीलचं पातेलं घ्या आणि ते उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा. थेट आचेवर नको, तापलेलं मेण पेट घेतं. ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं. ८५ च्या वर बराच वेळ राहिलं तर रंग आणखी गडद होतो.

रव्यांची कारणं दोन. गार तेल पडताच मेण जागच्या जागी थिजतं, म्हणून तेल आधी कोमट करून घाला आणि सगळं पारदर्शक होईपर्यंत थांबा. दुसरं कारण कोकमतेल. सावकाश निवलं तर त्याचे स्फटिक मोठे होतात. पातेलं गार पाण्यात ठेवून घट्ट होईस्तोवर ढवळत राहा. झालेलं मलम टाकू नका, पुन्हा वितळवून असंच थंड करा. फक्त पाण्याचा थेंब आत जाऊ देऊ नका.

सातेरी_मुळशी: बुळबुळीत म्हणजे पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलातून निघणाऱ्या मेणाची, भेसळ असावी. चांगलं मेण नखाने खरवडलं की भुरभुरतं आणि त्याला मधाचा वास येतो. खात्रीच्या मेणाचा तुकडा मिळाला तर तो पाण्यात टाका आणि थोडं थोडं स्पिरिट घाला, तो जेमतेम बुडेपर्यंत. मग त्यात तुमचा तुकडा सोडा. पॅराफिन हलकं असतं, ते तरंगतं. तुकड्यांना हवेचे बुडबुडे चिकटलेले नसावेत.

मधमाशीपालकाकडून घेतलं तर सगळ्यात बरं. गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण घेतलेले पालक आसपास आहेत. मध काढताना पोळ्यातल्या घरांवरची मेणाची झाकणं कापतात, त्यांचं मेण मागा. अळ्या वाढलेली जुनी पोळी काळी असतात, त्यांतून मेणही कमी निघतं.

कच्चं मेण घरी साफ करायचं तर पाण्यात वितळवून जाड फडक्यातून गाळा आणि झाकून रात्रभर निवू द्या. सकाळी वडीच्या खालचा गाळ सुरीने खरवडून टाका. बोअरचं पाणी वापरू नका, जड पाण्यात मेण स्पंजासारखं होतं.

कर्वेनगरकर: कारण कळलं, आभारी आहे. यातच मध घातला तर चालेल?

भैषज्य_पुणे: नाही. मध तेलात विरघळत नाही, तळाशी सुटतो, आणि त्यातल्या पाण्यामुळे मलम लवकर बिघडतं. जखमेसाठी वापरतात तो मध निर्जंतुक केलेला असतो, खाण्याचा मध उघड्या भेगेत भरू नये.

मेण स्वतः ओलावा देत नाही, आहे तो उडू देत नाही. म्हणून रात्री पाय कोमट पाण्यात १० मिनिटं ठेवा, टिपून घ्या, कातडी दमट असतानाच मलम चोळा आणि सुती मोजे घाला. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा.