पीएचसीतल्या डॉक्टरनं वर्षभर मंत्रालयात जाऊन बसावं का?

घाटाखालची_डॉक्टर

नमस्कार. बीड जिल्ह्यात धारूर-वडवणी पट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) मी वैद्यकीय अधिकारी आहे, गट-अ. परवा वरून फोन आला. ऊसतोड कामगारांच्या आरोग्याचं धोरण नीट लिहून काढायचं चाललंय, फील्डवरचं कुणीतरी हवंय, वर्षभर मुंबईला याल का? लेखी काहीच नाही. "तुम्ही हो म्हणा, ऑर्डरचं बघू."

माझा प्रश्न एवढाच की जाऊन काही होतं का? का आपण तिथं पीपीटी करून देण्यापुरते उरतो?

मोह का होतोय ते सांगते. दसरा झाला की आमचा निम्मा भाग रिकामा होतो. पाच महिन्यांची गरोदर बाई नवऱ्याबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला जाते. आम्ही तिची नोंदणी केलेली असते, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलेलं असतं, लोहाच्या गोळ्या दिलेल्या असतात. माता-बाल संरक्षण कार्ड ती कॅरिबॅगमध्ये गुंडाळून पेटीच्या तळाशी घालून नेते. पाडव्याच्या आगेमागे परत येते तेव्हा कडेवर बाळ असतं आणि कार्डाची पुढची सगळी पानं कोरी. बाळंतपण कुठं झालं? "कोपीवर." म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. वजन किती होतं? कुणी केलंच नाही. आणि या मधल्या काळात पोर्टलवर ती आमच्याकडं "स्थलांतरित" असते, तिकडच्या पीएचसीत ती कुणाच्याच यादीत नसते. आढावा बैठकीत मात्र आमचाच टक्का का घसरला म्हणून आम्हीच उभे.

पोर्टलवरचा हा फॉर्म ज्यानं केला त्याला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी हे माहीत असतं तर त्यानं तो असा केला नसता, असं मला प्रत्येक हंगामात वाटतं.

गर्भपिशवीचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आपल्या जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खासगी दवाखान्यांना पिशवी काढायला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागायला लागली. चांगलंच झालं. पण आमच्या ओपीडीतली एक बाई हंगामात कारखान्यावरूनच, तिकडच्या खासगी दवाखान्यात पिशवी काढून आली. वय तिशीच्या आत. बीडच्या परवानगीचं तिथं कोण विचारणार? हे आम्हाला दिसतं, कारण टाके काढायला ती आमच्याकडं येते.

आता अडचणी. आमच्याकडं दुसऱ्या डॉक्टरची जागा आहे, माणूस नाही. नवरा माजलगावला शिक्षक, मुलगी आठवीत. सासूबाई म्हणतात, मुंबईला गेलेला डॉक्टर परत कशाला येतोय इकडं.

कुणी असं जाऊन आलं असेल तर खरं खरं सांगा. "देशसेवा" वगैरे नको.

---

निवृत्त_डीएचओ_लातूर

मॅडम, जा. पण डोळे उघडे ठेवून जा.

आधी कामाचं. फोनवर हो म्हणू नका. लेखी आदेश घ्या आणि त्यात तुमच्या मूळ पदाचं काय होणार ते स्पष्ट लिहून घ्या. आपल्याच विभागात तात्पुरतं बसवलं तर तुमचं पद केंद्रात भरलेलंच दिसत राहतं. पद भरलेलं दिसलं की तिथं दुसरा डॉक्टर येत नाही. मी जिल्हा आरोग्य अधिकारी (डीएचओ) होतो तेव्हा एका तालुक्यात अशी दोन केंद्रं होती, कागदावर डॉक्टर, खुर्चीत कोणी नाही. लोक शिव्या घालायचे ते आम्हाला.

आता तिथलं. मंत्रालयात फाइल कक्ष अधिकाऱ्याकडून अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी चढत जाते. पैशाचा विषय आला की वित्त विभाग, नवीन पदं म्हटली की उच्चस्तरीय समिती. या साखळीत डॉक्टर जवळजवळ नसतो. आपले संचालक डॉक्टर, उपसंचालक डॉक्टर, पण ते प्रस्ताव पाठवणारे. निर्णय होतो तो टिपणीवर. तुम्ही बैठकीत कितीही पोटतिडकीनं बोला, चहा होईल, माना डोलतील. तुमचं वाक्य टिपणीत आलं का ते बघायचं. आलं नसेल तर तुम्ही बोललाच नाहीत.

म्हणून तिथं गेल्यावर पहिले दोन-तीन महिने धोरण-बिरण विसरा. ज्या कार्यासनात (विषयाच्या टेबलावर) बसवतील तिथल्या सहायकाशी दोस्ती करा, जुन्या फाइली वाचा. कोणत्या शेऱ्यावर फाइल परत येते हे त्याला पाठ असतं. सचिव बदलतात, तो बसलेला असतो.

एक उदाहरण देतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यांत केसपेपरसकट उपचार मोफत झाले. मोठा निर्णय, मला मनापासून आवडला. पण तो सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडं, ती त्यात नव्हती. तुमच्या भागातला पेशंट ग्रामीण रुग्णालयातून अंबाजोगाईला रेफर झाला की वाटेत खातं बदलतं, हे त्याला काय ठाऊक? तो म्हणणार, "तिथं फुकट होतं, इथं पैसे का?" टिपणी लिहिली जाते त्या टेबलाशी रेफरल चिठ्ठ्या लिहिलेला एखादा माणूस असता तर हा प्रश्न पहिल्या दिवशी निघाला असता. तुमच्या जाण्याचा उपयोग असलाच तर तो असला आहे.

---

माजी_फेलो

मी मुख्यमंत्री फेलोशिपमधून मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषदेत वर्षभर होतो, इंजिनिअर माणूस. २०१५ साली योजना सुरू झाली, वयाची अट २१ ते २६. आता बघा, एमबीबीएस, इंटर्नशिप, वर पुन्हा बाँडचं वर्ष. डॉक्टर हातात काही अनुभव घेऊन मोकळा होईपर्यंत ही अट संपत आलेली असते. त्यामुळं आरोग्य विभागाला मिळतो माझ्यासारखा डॅशबोर्डवाला. मी केलेला डॅशबोर्ड सुंदर होता. तुमच्या त्या "स्थलांतरित" बाया त्यात लाल रंगात यायच्या. लाल का, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही, कारण काय विचारायचं तेच कळत नव्हतं.

तुम्ही म्हणता ते धोरण एका खात्याचं नाहीच, हे आत्ताच लक्षात घ्या. बाळंतपण आरोग्याकडं. अंगणवाडी महिला व बालविकासकडं. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ सामाजिक न्यायकडं, त्याचा पैसा उसाच्या टनामागं ठरलेला. कारखाने साखर आयुक्तांकडं, म्हणजे सहकार. आरोग्य विभागाच्या कार्यासनात बसून तुम्ही कितीही चांगला मसुदा लिहिला तरी कारखान्याला "तळावर बाळंतिणीसाठी गाडी ठेव" असं सांगण्याचा अधिकार त्या टेबलाला नाही. त्यामुळं तुम्हाला कुठं बसवणार हे विचारण्यापेक्षा कोणत्या बैठकांना बोलावणार हे विचारा.

आणि डॉक्टर लोक सरकारात बसून काही होत नाही असंही नाही. छत्तीसगडनं २००२ मध्ये राज्य आरोग्य संसाधन केंद्र काढलं, चळवळीतली, सार्वजनिक आरोग्यातली माणसं सरकारच्या शेजारी बसवली, मितानीन, म्हणजे गावागावांतल्या आरोग्य कार्यकर्त्या, उभ्या राहिल्या. २००५ च्या आशा योजनेमागं तो अनुभव होता. तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचं वेगळं संचालनालय आणि त्याचं वेगळं केडर (स्वतंत्र सेवावर्ग) कितीतरी दशकांपासून आहे, १९३९ चा कायदा आहे. आपल्याकडं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात असं केडर करा म्हणून लिहिलं, २०२२ मध्ये केंद्रानं मार्गदर्शक सूचनाही काढल्या. तशी व्यवस्था मुरली असती तर तुम्हाला असा फोन आला नसता, रीतसर जाहिरात आली असती.

---

गटप्रवर्तक_केज

मॅडम राग मानू नका पण दरवेळी डॉक्टरच का? बाई कुठल्या कारखान्यावर गेली, कुणाच्या टोळीत गेली, डोकी सेंटरला (डोक्यावर मोळ्या वाहणारे) हाय का टायर सेंटरला (बैलगाडीवाले), हे सगळं माझ्या हाताखालच्या आशांच्या डायरीत असतं. तिचा फोन बंद असतो. नवऱ्याच्या फोनचा बॅलन्स संपलेला. लागतो तो टोळी नेणाऱ्या मुकादमाचा फोन. मी मुकादमालाच लावते, म्हणते दादा तुमच्या टोळीत अमकीला आठवा लागला, तिला मोळी उचलू देऊ नका. काही ऐकतात. काही म्हणतात, उचल (आगाऊ पैसे) घेतलीय तिनं, मी काय करू.

एक गोष्ट मुंबईला सांगा. यादी करायला नवीन सर्वे लावू नका, आशांचं डोकं उठलंय सर्वेनं. यादी हायच. मुकादमाचा कारखान्याशी करार होतो, त्यात किती कोयते ते असतं. पावसाळ्यात उचल वाटतात तवाच मुकादमाला कळतं कोण कोण जाणार. ती नावं जुलै-ऑगस्टातच आमच्याकडं आली तर गरोदर बाया, लहान लेकरं आम्ही आधीच हेरून ठेवू. आन् कार्डावर कारखान्याचं नाव आन् त्याच्या शेतकी गटाचं (ऊस-विभागाचं) नाव लिहायला जागा करा. गावाचं नाव लिहून तिकडं काय उपयोग, तिकडं तिला कुणी गावावरून वळखत नाही. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा माणूस, रोज फडात जातो, त्याला कळतं कोणती कोपी कुठं हाय. तिकडच्या आशाला त्याचा नंबर द्या.

एवढं कुणी लिहून घेतलं तर लई झालं.

---

नाव_नको_बुवा

नका जाऊ. तुमच्या मागं केंद्र बंद पडंल, आणि मसुदा पुढच्या सचिवाच्या कपाटात जाईल. बघितलंय सगळं.

---

घाटाखालची_डॉक्टर

सगळ्यांचे आभार, नाव नको बुवांचेही. कपाटाचं तुमचं म्हणणं खोटं नाही.

गटप्रवर्तक ताई, राग कसला. तुमचं करारातल्या यादीचं वाचून मी आमच्या आरोग्य सहायकाला विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, माझा मेव्हणाच मुकादम आहे, त्याच्या वहीत सगळी नावं असतात." इतकी वर्षं तो माझ्या शेजारच्या खोलीत बसतोय! कार्डावरच्या जागेचं तर मी उद्यापासूनच करते, मागच्या कोऱ्या पानावर पेननं कारखाना, गट, मुकादमाचा नंबर. त्याला जीआर कशाला हवा.

डीएचओ सर, तुमचं ऐकून मी फोन केला. सांगितलं की आदेशात माझं मूळ पद रिक्त दाखवा आणि तिथं डॉक्टर हजर झाल्यावरच मला सोडा. पलीकडून बराच वेळ "हं... हं" आलं. दुसरं मागितलं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरचं. टोळ्या निघतात आणि कारखान्यावर उतरतात त्या काळात मला मुंबईत नाही, सांगली-कोल्हापूरकडं तळांवर पाठवा, तिकडच्या पीएचसींबरोबर. यावर मात्र "हे बरं आहे, लिहून द्या" म्हणाले. लिहून दिलंय, ईमेलनं, प्रत उपसंचालकांना. बैठकांचंही घातलंय. महामंडळ आणि साखर आयुक्तालयाबरोबर बैठक असेल तर मला बोलवावं, आणि माझ्याबरोबर एक गटप्रवर्तक असावी.

ही शेवटची अट मानतील असं वाटत नाही, पण मानली तर? सर, गटप्रवर्तकेचा मुंबईचा प्रवासखर्च कोणत्या हेडमधून निघतो? ताई स्वतःच्या खिशातून येणार नाहीत, येऊही नये.

---

निवृत्त_डीएचओ_लातूर

बैठकीचं पत्र त्यांच्या नावानं आणि हुद्द्यासकट काढून घ्या, खर्च कोण करणार ते त्याच पत्रात. "व इतर"मध्ये घातलं की बिल फिरत बसतं. पत्राची प्रत जिल्हा परिषदेत लेखा विभागाला आधी द्या, प्रवास नंतर. आणि घाईत रुग्ण कल्याण समितीच्या पैशाला हात लावू नका, ऑडिटवाले तुमच्या मागं मुंबईपर्यंत येतील.