बेंजामिनचा मनोरा आणि मेथडिस्ट मेळावे

अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी स्थापलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे पहिले अनुयायी धर्माच्या बाबतीत कोरी पाटी होते, हे मत पटत नाही. पुढे या पंथाचे नेते झालेले ब्रिगहॅम यंग पूर्वाश्रमीचे मेथडिस्ट (एका प्रोटेस्टंट पंथाचे), तर १८३० मध्ये ओहायोत पंथात आलेले सिडनी रिग्डन हे आधी बॅप्टिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे व नंतर धर्मोपदेशक अलेक्झांडर कॅम्पबेल यांच्या सुधारणावादी गटाचे नावाजलेले प्रवचनकार होते. त्याच वर्षी छापलेल्या मॉर्मन ग्रंथात, म्हणजे या पंथाच्या धर्मग्रंथात, राजा बेंजामिन मनोऱ्यावरून उपदेश करतो, मंदिराभोवती तंबू ठोकून बसलेली कुटुंबे तो ऐकतात आणि ईश्वराच्या भयाने जमिनीवर कोसळतात; न्यूयॉर्क राज्यातले तत्कालीन, उघड्यावर तंबू ठोकून भरणारे मेथडिस्ट मेळावे पाहिलेल्यांना हे दृश्य मुळीच परके वाटले नसावे. याच ग्रंथाचा शेवटचा भाग असलेल्या मोरोनीच्या पुस्तकात मात्र अर्भकांच्या बाप्तिस्म्यावर (पाण्याने दिल्या जाणाऱ्या दीक्षेवर) चांगलेच कडक ताशेरे आहेत, आणि मेथडिस्ट तो देत व बॅप्टिस्ट नाकारत असल्याने येथे पारडे उघडच बॅप्टिस्टांकडे झुकते.