मूकबधिर, कर्णबधिर की नुसतं बधिर?

रापणकर:
रत्नागिरीहून लिहितोय, जरा मदत हवीय. भाच्याच्या टीमने टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा ठेवलीय, सगळे प्लेयर ऐकू न येणारे. बॅनरचा मजकूर मी लिहून दिला, 'मूकबधिर युवकांची भव्य स्पर्धा' वगैरे, आणि रंगवायला त्यालाच दिला कारण तो मिरकरवाड्यात बोटींवर नावं रंगवतो, अक्षर एकदम झकास. तर पठ्ठ्याने 'मूक'वर काट मारली आणि व्हॉट्सॅपवर मेसेज, 'मुका मी नाही. बडबड खूप. मामा समजत नाही.' आता पेपरात मूकबधिर छापतात, कुठे कर्णबधिर असतं. 'दिव्यांग' सुचवून बघितलं तर नुसता हसला. बरोबर काय धरायचं?

जुनी पाटी:
भाच्याला पैकीच्या पैकी मार्क. मूक म्हणजे ज्याला वाचा नाही तो, आणि बहुतेक बधिर माणसांच्या गळ्याला काहीच झालेलं नसतं, कानावर बोलणं पडलं नाही म्हणून तोंडी आलं नाही इतकंच. बधिर संस्कृत, प्राकृतात बहिर, त्यातून आपला बहिरा. कर्णबधिर मला आधी पिवळा पितांबर वाटायचा, बधिर म्हटलं की कान आलेच ना? पण मराठीत बधिर भलतीकडे पण फिरला, दाढ काढायला गेलं की हिरडी बधिर करतात, थंडीने बोटं बधिर होतात, म्हणून कर्ण चिकटवावा लागला असणार. (आपल्या भैरीबुवाचा बहिऱ्याशी काही संबंध नाही हां, तो भैरव. दर शिमग्याला कोणीतरी विचारतंच.)

देवगडी पायरी:
आमच्याकडे भैरो म्हणतत. माका इचारशात तर शब्द वायट नाय, हाक मारूची रीत वायट. पण बधिरांच्या हातांच्या खुणांच्या भाषेक 'सांकेतिक भाषा' म्हटल्यार माका वाशीचा मार्केट आठवता, रुमालाखाली बोटां दाबून हापूसचो भाव ठरवतत ता. ती पण सांकेतिकच ना?

चिपळूणची पोर:
मी स्वतः बधिर, लहानपणापासून. पायरीदादा, रुमालाखालून फक्त आकडे जातात हो, 'काल सासूबाई का रागावल्या' हे तिथे सांगून दाखवा. साइनला, म्हणजे आमच्या खुणांच्या भाषेला, व्याकरण आहे. 'मी तुला दिलं' आणि 'तू मला दिलंस' याला खूण तीच, हात कोणाकडून कोणाकडे गेला त्यावरून अर्थ फिरतो. प्रश्न भुवयांवर असतो, आणि काय, कुठे, का हे शब्द शेवटी. भाच्याचा मेसेज परत वाचा, 'बडबड खूप', विभक्ती नाही क्रियापद नाही, लोकांना ते मोडकं मराठी वाटतं पण ती साइनची चाल आहे मराठीत उतरलेली. 'सांकेतिक भाषा' सरकारी कागदावर आहे हे खरं, पण मला तो शब्द गुप्तहेरांचा वाटतो, आम्ही आपसात साइनच म्हणतो. आणि हातवारे तर नकोच, हातवारे भांडणात करतात.

आमच्या शाळेत हात हलले की पट्टी बसायची, ओठ बघा आणि तोंडाने बोला. हे आजचं नाही, १८८० साली मिलानला शिक्षकांची परिषद भरली, जवळजवळ सगळे ऐकू येणारे, त्यांनी ठरवलं की शाळेत खुणा नकोत आणि ते लोण जगभर गेलं. ओठ वाचणं म्हणजे काय ते आरशासमोर बघा, आवाज न काढता म्हणा पापा, बाबा, मामा. तिन्ही सारखे! लग्नाच्या गर्दीत त्यातून कोण आलंय ते मी ओळखायचं. खरी साइन मी हॉस्टेलात मोठ्या मुलींकडून शिकले, तीही दिवे जाईपर्यंतच. अजूनही पावसात लाइट गेली की घरातले गप्पा मारत बसतात आणि माझ्या गप्पा बंद, मग मोबाइलचा टॉर्च तांब्याला टेकवून मधे ठेवायचा.

जुनी पाटी:
साइनचा कोश असतो का?

चिपळूणची पोर:
असतो की. दिल्लीच्या केंद्रीय संस्थेने २०१८ ला ३,००० शब्दांचा काढला, २०२१ पर्यंत १०,००० झाले, सगळं व्हिडिओवर.

पण मूळ प्रश्नावर येते. इंग्रजीत एक सोय आहे, कानाचं सांगायचं असेल तर 'डेफ'चा डी लहान, आणि साइन बोलणाऱ्या समाजातला माणूस म्हणायचा असेल तर डी कॅपिटल. माझे आजोबा ऐंशीव्या वर्षी ऐकेनासे झाले ते लहान डी, मी कॅपिटल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांना ७० डेसिबल कमी ऐकू येणं म्हणजे बधिर, सर्टिफिकेटला ते ठीक आहे पण मशीन माझी भाषा थोडीच मोजतं. देवनागरीत कॅपिटल नाही तर करायचं काय?

जुनी पाटी:
अवतरणचिन्हात टाकलं तर?

चिपळूणची पोर:
मग तथाकथित वाटतं ना सर.

रापणकर:
हा सगळा धागा भाच्याला वाचायला दिला, दोनदा वाचला त्याने. बॅनर आज झाला. 'बधिर युवकांची भव्य स्पर्धा', सगळी अक्षरं निळी आणि 'बधिर'चा ब तेवढा लाल, बोटीच्या उरलेल्या रंगातला आणि बाकीच्यांपेक्षा दीडपट मोठा. मंडळाचे अध्यक्ष विचारतायत रंग संपला काय.

देवगडी पायरी:
फोटो टाका. आणि मॅच कधी आसा?