भाचीला साम्राज्यांचा उदयास्त कसा समजावू? सोलापूर परिसरातलं सुचवा

शेंगाचटणी:
भाची नववीत आहे, सुट्टीला आलीय. सनावळ्या तोंडपाठ. पण परवा जेवताना म्हणाली, "मामा, एवढं मोठं राज्य संपतं कसं?" मी गप भाकरी मोडत बसलो. जाडजूड पुस्तक दिलं तर दुसऱ्या पानावर झोपेल. चार दिवस आणि एक मोटारसायकल हाताशी आहे. कुठून सुरुवात करू?

भुईकोट:
घराजवळून करा की. आपला किल्ला दाखवा आणि सांगा, हा आंदणात दिलेला किल्ला आहे. बहमनी राज्य 1490 च्या सुमारास फुटायला लागलं आणि विजापूर-नगरच्या मधोमध सोलापूर सापडलं. आदिलशहाची बहीण निजामशहाला दिली तेव्हा सोलापूर द्यायचं कबूल केलं, दिलं मात्र नाही. त्यावरून वर्षानुवर्षं लढाया. पुढे नगरची चांदबीबी विजापूरची सून झाली ती सोलापूर आंदण घेऊन. सोयरीक जुळली, गोवळकोंडा आणि बिदरही सोबत आले आणि 1565 ला तालिकोटला विजयनगरचा पार कणा मोडला. शत्रू संपल्यावर हे पुन्हा आपसात भांडायला मोकळे!

बोरीकाठचा:
नळदुर्गचा पाणीमहाल पावसाळ्यातच बघावा, आत्ता राहू दे. तुम्ही विजापूरला जाऊन मुलूखमैदान तोफ बघा. तोंडाशी सिंहाचा जबडा आहे, दातांत हत्ती चिरडतोय. ओतली नगरला, निजामशाहीत, 1549 साली. मग परंड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून 1632 ला विजापूरला आली. 1686 ला औरंगजेबानं विजापूर घेतलं आणि तिच्यावर आपला लेख कोरून घेतला. तोफ एकच, धनी तीन. भाचीला तिन्ही नावं तोफेपाशीच विचारा.

चाटी गल्ली:
तोफ बघाच, पण त्याआधी माचणूर. मंगळवेढा रस्त्याला, भीमेच्या काठी. 1695 ते 1699 औरंगजेबाची छावणी तिथं होती. मुघल राज्य नकाशावर एवढं मोठं कधीच नव्हतं, आणि बादशहा ऐंशीच्या घरात, दिल्ली सोडून भीमेकाठी तंबूत! नवे मनसबदार, म्हणजे बादशाही सरदार, वाढले, त्यांना पगारापोटी लावून द्यायला जहागिरी, म्हणजे मुलखाचा वसूल, पुरेनात. कागदावर जहागीर मिळाली तरी तिथला वसूल मराठे आधीच नेणार. मग पगाराविना शिपाई लढेल कशाला?

भुईकोट:
सगळं त्या एका म्हाताऱ्यावर ढकलू नका. बहमनी बुडाले तेव्हा तो जन्मलाही नव्हता. महमूद गावानसारखा वजीर दरबारातल्या दक्षिणी-परदेशी भांडणात खोट्या पत्रावरून मारला, 1481 ला. तिथंच पोखरलं होतं.

चाटी गल्ली:
मान्य. पण गावान दाखवायला बिदर गाठावं लागेल, मामांकडं चारच दिवस आहेत बे.

शेंगाचटणी:
काल माचणूरला जाऊन आलो. घाटावर बसून जहागिरीचं सांगितलं. म्हणाली, "म्हणजे आपल्या भिशीसारखं? माणसं वाढली आणि पैसे तेवढेच?" भिशी अगदी तशी नसते, पण मी मान डोलावली. उद्या विजापूर. अजून काय बघावं?

बोरीकाठचा:
गोलघुमट तर बघालच. बारा कमान चुकवू नका. दुसऱ्या अली आदिलशहाची कबर, काम अर्धवट राहिलं. कमानी उभ्या आहेत, वर छत नाही. टोपी न्या, सावली मिळणार नाही.